नाचणारा ऑक्सिजन सेन्सर बदलू नका, आधी ट्रिम वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल गाडी, चेक इंजिनचा दिवा लागलाय, कोड पी०१७१, म्हणजे बँक १ चं (पहिला सिलिंडर असलेल्या बाजूचं) मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मोबाइलवरच्या ॲपमध्ये पुढचा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.८ व्होल्ट असा सारखा वरखाली होतोय. मागचा, कन्व्हर्टरच्या नंतरचा, ०.७ वर जवळपास स्थिर आहे आणि त्याच्या शेजारी ९९.२ टक्के असा आकडा दिसतोय. लाँग टर्म ट्रिम (ट्रिम म्हणजे पेट्रोलच्या प्रमाणात केलेली टक्केवारीतली दुरुस्ती) अधिक १७, शॉर्ट टर्म अधिक ५ च्या आसपास. ही सगळी रीडिंग गरम इंजिनवर, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू ठेवून) घेतलेली. गॅरेजमध्ये सांगितलं गेलं की पुढचा सेन्सर नाचतोय, मागचा अडकलाय, दोन्ही बदला.

दोन्हीपैकी एकही बदलू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून दोन्ही सेन्सर आपलं काम चोख करतायत असंच दिसतं. बिघाड तिसरीकडेच आहे आणि त्याचा पत्ता तुमच्याच यादीत आहे: १७ अधिक ५.

हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, हे आधी पक्कं करू. झिर्कोनियाच्या (एक प्रकारच्या सिरॅमिकच्या) सेन्सरला एका बाजूने एक्झॉस्टचा वायू लागतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला की दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकावर तो व्होल्टेज तयार करतो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरला नाही तर ०.८ ते ०.९, भरपूर उरला तर ०.१ च्या आसपास. मधला टप्पा, ०.४५ च्या अलीकडे-पलीकडे, जवळजवळ उभा कडा आहे. म्हणजे मिश्रण हवा १४.७ ला पेट्रोल १ या आदर्श प्रमाणाच्या जरा इकडे-तिकडे झालं की सेन्सर एकदम या टोकावरून त्या टोकाला जातो. त्यामुळे ०.१ दिसलं की 'लीन' एवढंच कळतं, किती लीन ते कळत नाही. ०.२ पेक्षा ०.१ म्हणजे दुप्पट लीन, असा हिशेब मांडणारे पाहिलेत मी. त्याला काही अर्थ नाही. तसंच त्या व्होल्टेजची सरासरी दाखवणारी ॲप्स असतात, तिच्याकडेही दुर्लक्ष करा.

आता नाचण्याबद्दल. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, सेन्सरकडून 'लीन' ऐकू आलं की तो इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. मग सेन्सर 'रिच' (पेट्रोल जास्त) म्हणतो, ईसीयू वेळ कमी करतो, पुन्हा लीन. हे चक्र चालू असणं म्हणजेच क्लोज्ड लूप. गरम इंजिन २५०० आरपीएमवर धरलं तर चांगला सेन्सर १० सेकंदांत ०.४५ ची रेघ आठ-दहा वेळा तरी ओलांडतो, बहुतेकदा त्याहून जास्त. नाच थांबला तर काळजी करायची. सतत ०.१ ला चिकटला, सतत ०.९ ला चिकटला, किंवा ०.४५ वर सरळ रेघ मारून बसला तर. यातली शेवटची स्थिती फसवी असते. बऱ्याच ईसीयू सर्किटवर स्वतःच ०.४५ च्या जवळपासचं व्होल्टेज ठेवून देतात. सेन्सर थंड असेल, त्याची वायर तुटली असेल किंवा कपलर निसटला असेल तर तेच व्होल्टेज स्क्रीनवर दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, अगदी मधोमध, आदर्श मिश्रण! प्रत्यक्षात तिथे सेन्सर बोलतच नाहीये.

म्हणून व्होल्टेज पाहण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये 'फ्युएल सिस्टम स्टेटस' हा पॅरामीटर उघडा. क्लोज्ड लूप असेल तरच पुढच्या सेन्सरच्या नाचाला आणि ट्रिमला अर्थ. इंजिन थंड असताना, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना किंवा उतारावर पाय काढल्यावर इंधन बंद होतं तेव्हा सिस्टम ओपन लूपमध्ये असते. त्या वेळचा स्क्रीनशॉट पाठवून 'सेन्सर अडकलाय का' असं विचारणारे खूप असतात.

ट्रिमकडे येऊ. ईसीयूच्या मेमरीत हवेच्या मोजमापानुसार किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता असतो. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे सेन्सरचं ऐकून त्या क्षणी केलेली दुरुस्ती, आणि लाँग टर्म म्हणजे तीच दुरुस्ती वारंवार करावी लागली म्हणून लक्षात ठेवलेला भाग. दोन्हींची बेरीज वाचायची, एकेकटा आकडा नाही. बेरीज अधिक-उणे ५ च्या आत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालून जातं. तुमची २२ आहे. ईसीयू तक्त्यापेक्षा २२ टक्के जास्त पेट्रोल ओततोय आणि त्या बळावर पुढचा सेन्सर ०.१ ते ०.८ असा नाचू शकतोय. मिश्रण या घडीला जवळपास बरोबर आहे, पण ते बरोबर ठेवायला जी ओढाताण चाललीये तिच्यामुळे कोड आला. ट्रिमची मर्यादा संपली, बऱ्याच गाड्यांत ती २५ टक्क्यांच्या आसपास असते, की मग पुढचा सेन्सर खरोखर खाली ०.१ ला चिकटेल. तेव्हाही दोष सेन्सरचा नसेल.

तरीही सेन्सर खरं बोलतोय याची खात्री करून घ्यावी, पाच मिनिटांचं काम आहे. ग्राफवर फक्त पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज आणि आरपीएम ठेवा. न्यूट्रलमध्ये एकदम रेस द्या: व्होल्टेज ०.८ च्या वर उडी मारायला हवं, क्षणभर आधी खाली गेलं तरी हरकत नाही. मग गाडी चालवताना वेग घेऊन गिअरमध्येच पाय पूर्ण काढा: इंधन बंद होतं, इंजिनमधून नुसती हवा जाते आणि व्होल्टेज शून्याच्या जवळ यायला हवं. दोन्ही टोकं गाठतोय आणि झटकन गाठतोय, तर सेन्सर ठीक. टोक गाठतो पण रेंगाळत, चढ-उतार गोलाकार, तर तो म्हातारा झालाय. पी०१३३ हा कोड त्याचाच. चांगल्या सेन्सरला या टोकावरून त्या टोकाला जायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही.

फक्त हे 'रेंगाळणं' मोबाइल ॲपवर तपासताना सांभाळा. इथे सगळ्यात जास्त चांगले सेन्सर कचऱ्यात जातात. स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर एका वेळी एकच प्रश्न ईसीयूला विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. जुन्या, के-लाइनवाल्या (एकाच वायरीवरून सावकाश बोलणाऱ्या) गाड्यांत तर हा संवाद फारच सावकाश चालतो. स्क्रीनवर दहा डायल मांडून ठेवली असतील तर प्रत्येकाची पाळी येईपर्यंत सेकंद-दोन सेकंद जातात. सेन्सर तेवढ्यात दोन-तीनदा वरखाली होऊन गेलेला असतो, तुम्हाला मधलाच एखादा ठिपका मिळतो आणि ॲप ते ठिपके रेघेने जोडून छान मंद लाट काढून देतं. ती लाट सेन्सरची नाही, ॲपची आहे. म्हणून सेन्सरचा वेग बघायचा तेव्हा दोनच पॅरामीटर निवडा, बाकी सगळे बंद. तरीही शंका राहिली तर ऑसिलोस्कोप लावणारा गाठा. सुईवाल्या रंगीत डायलपेक्षा साधा ग्राफ कधीही बरा, हे माझं ठाम मत.

आणि ते ९९.२ टक्के. घाबरू नका, तो दोष नाही. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या निदान-यंत्रणेच्या, प्रमाणित उत्तरात प्रत्येक नॅरोबँड (तुमच्यासारख्या, फक्त लीन की रिच एवढंच सांगणाऱ्या) सेन्सरचं व्होल्टेज आणि त्याच्या जोडीला त्या सेन्सरवरून निघालेली शॉर्ट टर्म ट्रिम एकत्र येते. मागच्या सेन्सरवरून ही ट्रिम काढत नसतील तर ईसीयू त्या जागी २५५ हा आकडा भरतो. 'लागू नाही' हे सांगायची ती ठरलेली खूण आहे. ॲपला ते कळत नाही, ते नेहमीचं सूत्र चालवतं: २५५ गुणिले १००, भागिले १२८, वजा १००. उत्तर ९९.२. आता 'मागचा सेन्सर ९९ टक्के रिच मागतोय' असं कोणी म्हणालं तर काय म्हणायचं ते तुम्हाला कळलं.

मागच्या सेन्सरचं ०.७ वर स्थिर राहणंसुद्धा चांगलं लक्षण आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे पुढचा नाच मागे पोहोचेपर्यंत विरून जातो. मागचा जर पुढच्यासारखाच नाचायला लागला तर कन्व्हर्टरची साठवण संपत आलीये. पी०४२० त्यातूनच येतो. हे मात्र आयडलवर ठरवू नका. बराच वेळ आयडलला उभ्या गाडीचा कन्व्हर्टर थंडावतो. २५०० वर दोन-तीन मिनिटं धरून मग पाहा. दोन सेन्सरांच्या मधे सायलेन्सरचा जोड फुटला असेल तर बाहेरची हवा आत जाऊन मागचा उगाच खाली दिसतो, तेही आधी तपासायचं.

मग २२ टक्के कुठून आले? तुम्ही फक्त आयडलची रीडिंग दिलीत. हीच बेरीज २५०० आरपीएमवर, गाडी उभी असताना, अर्धा मिनिट स्थिर धरून पुन्हा घ्या. सगळं निदान या एका तुलनेवर फिरतं.

२५०० वर बेरीज उतरून ५-७ वर आली तर इंजिन कुठून तरी न मोजलेली हवा ओढतंय. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोरात असतो आणि एकूण हवा कमी असते, म्हणून छोट्या भोकातून आलेली हवाही टक्केवारीत मोठी पडते. रेस वाढली की तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य होते. पीसीव्हीचा (इंजिनमधल्या ऑइलच्या वाफा परत आत ओढणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट, थ्रॉटल बॉडीच्या आधीचा तडकलेला रबरी पाइप, नीट न बसलेली डिपस्टिक किंवा ऑइलचं झाकण, ही नेहमीची ठिकाणं. रबरी पाइप वरून धडधाकट दिसतो आणि खालच्या बाजूला, घडीमध्ये, चिरलेला असतो. हाताने वाकवून पाहिल्याशिवाय दिसत नाही. पेट्रोलच्या वाफांचा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर तोही हाच गोंधळ घालतो. त्याचा पाइप चिमट्याने दाबून धरा आणि ट्रिम खाली येते का पाहा. गळती शोधायला कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) फवारून शॉर्ट टर्म ट्रिम पडते का बघतात. पद्धत चालते, पण गरम एक्झॉस्टवर आणि स्पार्कच्या वायरींजवळ तो फवारा पेट घेऊ शकतो. स्मोक मशीन मिळत असेल तर तेच वापरा.

इथे एक मेख आहे आणि ती फार कमी जण सांगतात. वरचं सगळं मॅफ सेन्सरवाल्या इंजिनाला लागू आहे, जिथे आत येणारी हवा वाटेत मोजली जाते. तुमच्या गाडीत मॅफ नसून फक्त मॅप असेल, म्हणजे ईसीयू मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा अंदाज करत असेल, तर मॅनिफोल्डमधल्या गळतीने दाबच वाढतो. ईसीयूला ती हवा दिसते आणि तो तक्त्याप्रमाणेच पेट्रोल वाढवतो. अशा गाडीत साध्या व्हॅक्यूम गळतीने ट्रिम फारशी हलत नाही. आयडल चढतं किंवा अस्थिर होतं. म्हणून सॉफ्टवेअरच्या यादीत ग्रॅम प्रति सेकंद असा हवेचा आकडा येतो की नुसता किलोपास्कलमधला दाब, हे आधी पाहून घ्या. फक्त दाब येत असेल आणि आयडलला अधिक २२ असेल, तर गळतीमागे दिवस घालवण्यापेक्षा इंधनाचा दाब, एखादा मंदावलेला इंजेक्टर आणि एक्झॉस्टची गळती आधी बघा.

२५०० वर बेरीज उतरली नाही, उलट लोड, म्हणजे इंजिनवरचा भार, येईल तशी वाढत गेली, तर पेट्रोल पुरत नाहीये किंवा मॅफ हवा कमी मोजतोय. पंप दमलाय, फिल्टर तुंबलाय, की मॅफच्या तारेवर धूळ बसलीये, हे चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून ठरवता येतं. पुढचा सेन्सर अशा वेळी ०.८५ च्या वर हवा. तो खाली पडत असेल तर एक नजर 'कॅल्क्युलेटेड लोड'कडे टाका: टर्बो नसलेल्या इंजिनात पूर्ण ॲक्सिलरेटरवरही लोड बराच कमी दाखवत असेल तर संशय मॅफवर, लोड नीट दाखवत असेल तर इंधनाच्या बाजूवर. मॅफ साफ करायचा तर त्याचाच स्प्रे वापरा आणि तारेला हात किंवा कापूस लावू नका.

सेन्सर प्रामाणिक असूनही चुकीची साक्ष देतो अशा दोन जागा आहेत. पहिली म्हणजे मिसफायर. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर पेट्रोल जळत नाही, पण त्याच्यासोबतचा ऑक्सिजनही जळत नाही. तो जसाच्या तसा एक्झॉस्टमध्ये येतो. सेन्सरला फक्त ऑक्सिजन दिसतो, म्हणून तो 'लीन' ओरडतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. कॉइल किंवा प्लग खराब आणि कोड लीनचा, असं त्यामुळे होतं. दुसरी जागा म्हणजे पुढच्या सेन्सरच्या आधीची एक्झॉस्ट गळती. एक्झॉस्ट ठोक्याठोक्याने येतो, दोन ठोक्यांच्या मधे दाब पडतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुन्हा तेच: खोटं लीन, खरं रिच. या दोन्हींत ट्रिम अधिक असते पण प्लग काळे निघतात आणि मायलेज घसरतं. खरोखर लीन चाललेल्या इंजिनाचे प्लग असे काजळत नाहीत. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ कान दिला तर फुटलेल्या गॅस्केटची टिकटिक ऐकू येते. गरम झाल्यावर फट बुजून ती थांबते.

इथवर सगळं नॅरोबँड सेन्सरबद्दल झालं आणि तुमचा पुढचा सेन्सर नॅरोबँडच आहे, नाहीतर तो ०.१ ते ०.८ असा नाचला नसता. पण हे वाचून दुसऱ्या कोणी आपल्या गाडीवर ताडून पाहिलं तर फसेल, म्हणून वाइडबँडबद्दल चार ओळी. नव्या बऱ्याच गाड्यांत पुढे वाइडबँड, म्हणजे एअर-फ्युएल सेन्सर असतो आणि मागे जुनाच नॅरोबँड. वाइडबँड नाचत नाही. तो लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) सांगतो, १.०० च्या आसपास बारीक थरथर असते. १ च्या वर लीन, खाली रिच. करंट दाखवत असेल तर शून्य म्हणजे आदर्श, अधिक म्हणजे लीन, उणे म्हणजे रिच. व्होल्टेजचा आकडा मात्र कंपनीगणिक वेगळा आणि दिशा बहुतेकदा नॅरोबँडच्या उलट: व्होल्टेज वाढलं की लीन. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत आदर्श मिश्रणाला सेन्सरचं व्होल्टेज ३.३ असतं, पण साध्या ओबीडी ॲपमध्ये ते पाचाने भागून ०.६६ असं येतं. सरळ ०.६६ ची रेघ पाहून 'रिचला अडकला' म्हणत किती चांगले सेन्सर काढले गेले असतील कोण जाणे. अशा गाडीत व्होल्टेज सोडून द्या. मोजलेला लॅम्डा आणि ईसीयूने मागितलेला लॅम्डा, दोन्ही एकाच ग्राफवर घ्या. जुळले की सेन्सर आणि मिश्रण दोन्ही ठीक. ॲप लॅम्डाऐवजी १४.७ सारखं हवा-इंधन प्रमाण दाखवत असेल तर ते बहुधा लॅम्डाला १४.७ ने गुणून काढलेलं असतं. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर खरं आदर्श प्रमाण १४.१ च्या जवळ येतं, तरी स्क्रीनवर १४.७ च दिसेल. लॅम्डा १ हा कुठल्याही इंधनाला १ च राहतो.

सेन्सर खरंच कधी बदलायचा? हीटरचा कोड असेल, पुढच्याला पी०१३५ किंवा मागच्याला पी०१४१, तर आधी फ्यूज पाहा, मग कपलर सोडून सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी, बहुतेकदा पांढऱ्या, हीटरच्या असतात. थंड असताना काही ओहम यायला हवेत. सर्किट उघडं दाखवलं तर सेन्सर गेला. टोकं गाठत नसेल, किंवा दोन पॅरामीटरच्या वेगवान ग्राफवरही रेंगाळत असेल तरीही बदला. पण बदलण्याआधी तो कशाने मेला ते पाहा. चुकीचा सिलिकॉन सीलंट, एक्झॉस्टमध्ये झिरपणारं कूलंट, जळणारं ऑइल, यांचा थर बसून सेन्सर बहिरा होतो आणि कारण तसंच राहिलं तर नवाही त्याच वाटेने जातो.

तुमच्या बाबतीत पुढचं काम असं. कोड पुसू नका. त्याच्यासोबत ईसीयूने फ्रीज फ्रेम जपून ठेवलीये: कोड पडला त्या क्षणीचं आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, दोन्ही ट्रिम. ती आधी उतरवून घ्या. कोड पुसला की ती जाते, आणि बहुतेक गाड्यांत शिकलेली लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येते. फ्रीज फ्रेममध्ये आरपीएम आयडलचं आणि लोड कमी असेल तर गळतीचा संशय पक्का होतो. मग २५०० वरची बेरीज आणि मॅफ की मॅप, एवढं पाठवा. दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा आणि लगेच दिसणाऱ्या शून्यावर विश्वास ठेवू नका. आयडल, शहरातलं चालवणं आणि मोकळा रस्ता असं सगळं मिळून दोन-तीन दिवस गाडी चालू द्या. लाँग टर्म नव्याने शिकून कुठे स्थिरावते ते पाहा. ५ च्या आत राहिली तर गळती सापडली, पुन्हा दहा-बाराकडे सरकू लागली तर अजून एक भोक बाकी आहे.